नाव काढलं, पण कुणाचं?

आमच्या घरात एक सेलिब्रिटी आहे. फक्त ही गोष्ट घरात कुणाला माहीत नाही.

म्हणजे मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. माझी मामेबहीण. वय वर्षं एकोणीस, मुक्काम पोस्ट पाटोदा तालुका, जिल्हा बीड. ती गाते. भन्नाट गाते. इन्स्टावर तिचं एक अकाउंट आहे. डीपीला सीताफळाचा फोटो आणि नाव भलतंच. स्वतःचं नाही, वडिलांचं नाही, गावाचंही नाही. रीलमध्ये तिचा चेहरा कधीच दिसत नाही. दिसते गच्चीची कड, मागची बाभळ, फार तर ओढणीचं टोक. आवाज मात्र अख्खा तिचा. गेल्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा तिच्या एका लावणीखाली कुठकुठल्या लोकांनी बदाम टाकलेले होते. नाशिक, दुबई, एक तर थेट न्यू जर्सी.

"ताई, पप्पांना बोलू नको हां," ती म्हणाली. "मारायचे नाहीत. पण बोलणं बंद करतील."

यातली गंमत अशी, की तिला सूर दिला तो याच पप्पांनी. माझा मामा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे रॉक कॉन्सर्टच समजा. मंडप, स्पीकर, आसपासच्या चार गावांची माणसं. त्यात ही पोरगी अभंग उचलते तेव्हा मामाच्या चेहऱ्यावर जे काही पसरतं ते बघण्यासारखं असतं. "पोरगी नाव काढायलीय," असं तो शेजारच्या माणसाला पेटी वाजवता वाजवता सांगतो. तोच मामा लावणीचं नाव निघालं की म्हणतो, "काऊन? उद्या जामखेडच्या कलाकेंद्रावर उभी राहायचीय का? लोकं नावं ठेवतील."

नाव काढणं, नाव घालवणं, नावं ठेवणं. आपल्या भाषेत प्रसिद्धीचा सगळा कारभार या एका शब्दावर चालतो, आणि मुलींच्या बाबतीत तर नाव नेमकं कुणाचं हे आधी ठरवावं लागतं.

हे सगळं मला सुचलं ते एका जुन्या सिनेमामुळे.

तंबूतला शाहीर

दिवाळीचा तिसरा दिवस. गाव अर्धं रिकामं झालेलं. आमच्या भागात हे दरवर्षीचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, आणि मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं. मी फोन टीव्हीला जोडला आणि 'लोकशाहीर रामजोशी' लावला. जुन्या संगीतपटांवर काहीतरी लिहायचं डोक्यात होतं, म्हणून. खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांत झोप येईल असा माझा अंदाज होता.

आजीनं पडद्यावरचा डफ ऐकला आणि ती आतून बाहेर आली. "ह्यो मी बघितलाय की," ती म्हणाली. "जत्रेत. तंबूत."

आजीचा हिशेब असा, की तिचं लग्न होऊन ती या गावात आली, त्यानंतरच्या एका जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये कनात. मधेच रीळ तुटायचं, मग शिट्ट्या. 'रामजोशी' पुण्या-मुंबईत लागला १९४७ साली. त्या वर्षी आमचा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला. मधलं वर्ष रझाकारांचं. त्यामुळे शहरात हाऊसफुल्ल झालेला शाहीर आमच्या तंबूपर्यंत यायला बरीच वर्षं लागली, यात नवल नाही. (आता तुम्ही विचाराल, रेल्वे? बीड शहरात ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पोचली. आम्हाला वाट बघायची सवय आहे.)

तर सिनेमा. मराठी बोलपट सुरू झाला १९३२ मध्ये, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'पासून. पहिली काही वर्षं देव, राजे आणि संत यांनीच पडदा व्यापला होता. गाणारा माणूस दिसायचा तो बहुधा संत म्हणूनच. मग पंधरा वर्षांनी एक गाणारा माणूस आला, ज्याला देव नको होता. त्याला फड हवा होता, समोर गर्दी हवी होती, आणि त्या गर्दीनं आपलं नाव घ्यायला हवं होतं.

खरे राम जोशी सोलापूरचे. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, पेशवाईचा काळ. वैदिक ब्राह्मणाचं घर. थोरला भाऊ मुद्गल विद्वान, शिस्तीचा. धाकट्याचे कान मात्र तमाशाच्या फडाकडे लागलेले. सांगतात की भावानं शेवटी त्याला घराबाहेर काढलं. मग हा पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, आणि ते सगळं संस्कृत पुढे लावणीत ओतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर पीएचडी करून रॅप लिहायला लागला. त्याच्या फडात बया आणि चिमा या नाचणाऱ्या बायका होत्या. बाजीराव दुसऱ्याच्या काळात त्याचं नाव गाजलं. आर्याकर्ते मोरोपंत यांच्या सांगण्यावरून तो पुढे कीर्तनाकडे वळला, असंही सांगतात. लावणी आणि कीर्तन, डफ आणि वीणा, या दोन टोकांमध्ये तो आयुष्यभर फिरत राहिला. अरेच्चा, म्हणजे आमच्या मामाच्या घरातलाच प्रॉब्लेम की!

या माणसावर सिनेमा काढला राजकमल कलामंदिरानं. परळचा हा स्टुडिओ व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये, प्रभातमधून बाहेर पडल्यावर उभा केला होता. दिग्दर्शनाला त्यांनी बोलावलं बाबूराव पेंटर यांना. म्हणजे आपल्या गुरूंना. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम त्यांच्याच हाताखाली शिकले होते. बाबूराव सावकाश काम करणारे, चित्रकाराच्या नजरेचे. शांताराम झपाट्याचे. सिनेमा पुरा केला तो शेवटी शिष्यानं, आणि श्रेयनामावलीत दोघांचीही नावं आहेत. कथा, संवाद, गाणी ग. दि. माडगूळकरांची. ते पडद्यावरही दिसतात. संगीत वसंत देसाई यांचं. हिंदीतही तो 'मतवाला शायर रामजोशी' म्हणून निघाला. आणि रामजोशी झाले जयराम शिलेदार, संगीत नाटकातले गायक नट.

आवाज काय आहे हो माणसाचा! आपल्याला आता सगळं ऑटोट्यून ऐकायची सवय. इथे दम लागलेला ऐकू येतो, तान घेताना मान वळते, डफ वाजतो तेव्हा खरंच कातडं थरथरल्यासारखं वाटतं. मामेबहीण मोबाईल बाजूला ठेवून बघत होती, यावरून काय ते समजा. एकदाच म्हणाली, "ताई, ह्याला लाज कशी नाही वाटत?"

"कशाची?"

"मोठ्यानं गायची."

बया

पण खरं तर त्या सिनेमात मी बघत राहिले ती बयाला. हंसा वाडकर. त्या वेळी वय चोवीस. डोळ्यांत खट्याळपणा, आणि अंगात अशी सहजता, की बाकीचे नट नाटक करतायत आणि ही एकटीच तिथे राहते, असं वाटावं.

हंसा वाडकर हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव रतन साळगावकर. घराण्याचं आडनाव सिनेमाच्या पडद्यावर नको, म्हणून वाडकर. बघा, इन्स्टा यायच्या कितीतरी आधीची फेक आयडी! १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून ती कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती, आणि आली ती हौसेनं नव्हे. घरात पैसा हवा होता. ज्या घराचं नाव पडद्यावर चालत नव्हतं, त्या घराला पडद्याचा पैसा चालत होता. हे वाक्य लिहिताना मला राग आला, तो आहे तसा ठेवते.

पुढे बॉम्बे टॉकीज, मग प्रभातचा 'संत सखू' (१९४१), मग 'रामजोशी'. या सिनेमापासून मराठीत तमाशापटांची लाटच आली. १९५० मध्ये 'पुढचं पाऊल', १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. दोन्हींत हंसाबाई. लाट म्हणावी ती तिच्याच खांद्यावर.

त्यातला उपहास लक्षात घ्या. 'रामजोशी' शहरात गर्दी खेचत होता त्याच सुमारास, चाळीसच्या दशकाच्या अखेरीला, मुंबई सरकारनं खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदी आणली होती. पुढे समिती नेमली गेली, अटी घातल्या गेल्या, बंदी उठली. म्हणजे पांढऱ्या पडद्यावरची बया चालायची. खऱ्या फडातली बया पोट कसं भरतेय हे कुणी विचारायचं नाही. सिनेमाचं सगळं दुःखही रामजोशीचं आहे. ब्राह्मणाच्या मुलानं घर सोडलं, जात सोडली, केवढा त्याग! आणि त्याच फडात जन्मानंच आलेल्या, महार-मांग-कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी काय सोडलं? त्यांच्याकडे सोडायला होतं काय, असंच जणू तो सिनेमा धरून चालतो. मला सिनेमा आवडला. तरी ही गोष्ट खटकली, आणि ती न सांगता पुढे जाणं बरोबर नाही.

रामजोशीला परत जायला वाट होती. डफ ठेवला की वीणा होती, फड सुटला की मंदिर होतं. बयाला ती वाट नव्हती.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

हंसाबाईंनी आपलं आयुष्य सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं. आधी 'माणूस'मध्ये आलं आणि १९७० मध्ये पुस्तक झालं. नाव तेच, 'सांगत्ये ऐका'. मी ते पहिल्यांदा वाचलं मास कॉमला असताना, तेही असाइनमेंट म्हणून, अर्ध्या रात्रीत. मराठीत इतक्या सरळपणे बोललेली बाई मी त्याआधी वाचली नव्हती. दारू, पुरुष, मूल, पैसा, कशालाही पडदा नाही. त्यात एक भाग आहे. नाव झालेलं असताना, नवऱ्याशी भांडण होऊन, ती एका माणसाबरोबर निघून जाते. या माणसाचंही आडनाव जोशी. आणि तो तिला घेऊन जातो तो मराठवाड्यातल्या एका खेड्यात.

तिथे गेल्यावर कळतं की त्याच्या घरात आधीच बायका आहेत. ही तिसरी. साधारण तीन वर्षं ती तिथे राहिली. डोक्यावर पदर, वाड्याच्या भिंती, बाहेर जायची परवानगी नाही. ज्या बाईला बघायला तंबूत गर्दी व्हायची, ती बाई तंबू लागत असतील अशाच कुठल्यातरी गावात, चार भिंतींच्या आत भाकरी करत होती. शेवटी तिनं नवऱ्याला पत्र धाडलं, आणि तिची सुटका झाली.

पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा भाग मला फक्त भयंकर वाटला होता. नंतर वाचलं तेव्हा दुसरंच काहीतरी दिसलं. हंसाबाईला घर हवं होतं. संसार, मुलं, चूल. प्रसिद्धी तिच्यावर आली ती कामासारखी, आणि स्वप्न होतं ते साध्या घराचं. रामजोशी घर सोडून गाण्याकडे धावला आणि त्याच्या गोष्टीचा सिनेमा झाला. त्याच्या बयेचं काम करणारी बाई गाणं सोडून घराकडे धावली, तर घरानं तिला कोंडून ठेवलं.

श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये याच आयुष्यावरून 'भूमिका' केला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमरीश पुरी त्यात आपल्या वाड्यात उभे राहतात ना, तो भाग आठवा. तुम्ही सिनेमा बघितला नसेल तर या वीकएंडला बघाच. फक्त बघताना हे लक्षात ठेवा की तो वाडा लेखकानं कल्पनेतून बांधलेला नाही.

जयराम शिलेदारांचं काय झालं? त्यांचं झकास झालं, म्हणजे कलाकाराचं व्हावं तसं. 'रामजोशी'नं दिलेलं नाव त्यांनी संगीत नाटकाला जुंपलं. पुण्यात 'मराठी रंगभूमी' ही संस्था, पत्नी जयमाला शिलेदार यांची साथ, मुलगी कीर्ती शिलेदार पुढची पिढी. घर आणि गाणं एकाच छपराखाली. ते जमू शकतं, हेही सांगायला हवं.

लाईट गेली

सिनेमा आम्ही पुरा बघितलाच नाही. सवाल-जवाब रंगात आले होते, बया पाय आपटून उत्तर देणार, एवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट ही पाहुण्यांसारखी. आली तर आली.

अंधारात आजी तिची जत्रा सांगत बसली. पूर्वी चैत्रात ऊसतोडीची माणसं परत यायची तेव्हाच गावोगावच्या जत्रा असायच्या, आणि फडही तेव्हा फिरायचे. आजही तमाशाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि अक्षय तृतीयेच्या पुढेमागे संपतो. ऊसतोडीचंही जवळपास तसंच. दोघंही सहा महिने पालावर. दोघांनाही उचल आधी मिळते आणि मग ती फेडत बसायची. आजीला हे असं मांडून सांगायची गरज नव्हती. तिच्यासाठी ती सगळी 'गाडीवर जाणारी माणसं' होती.

"आजी, तू कधी गायलीस का?" बहिणीनं विचारलं.

"जात्यावर."

"तसं नाही. लोकांपुढं."

"लोकांपुढं कशाला? जात्यावर सासू नसली की गायचं," आजी म्हणाली, आणि लगेच एक ओवी म्हणून दाखवली. सूर कापरा, पण पक्का. मला तेव्हा कळलं की मामाची पेटी, बहिणीचा गळा, सगळं आलं कुठून. या घरात गाणं तीन पिढ्यांचं आहे. नाव फक्त मधल्या पुरुषाचं झालं.

मग आजीनं फर्मान सोडलं, "तू म्हण. ती बया म्हणत होती ते."

मामेबहीण माझ्याकडे बघायला लागली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणजे, तिच्या रीलसारखंच. तिनं सुरुवात केली. आधी हळू, मग पहिल्या वळणानंतर आवाज मोकळा झाला. मी लावण्या बऱ्याच ऐकल्यात, पुण्यात तिकीट काढूनही ऐकल्यात. पण ओसरीवर, कंदील नसलेल्या अंधारात, समोर फक्त एक म्हातारी ताल देतेय, अशी ऐकली नव्हती. तिनं एक जागा अशी घेतली की आजी "अगं बाई" म्हणाली.

तेवढ्यात अंगणातून मोटरसायकलचा स्टँड लावल्याचा आवाज आला.

बहीण थांबली. आजी थांबली नाही, ती मांडीवर ताल देतच राहिली. मामा दारात आला, चपला काढल्या, खोकला. कुणी काही बोलेना. तो आत गेला नाही. ओसरीच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून बसला आणि तंबाखू मळायला लागला.

"कोणता पिच्चर चालू होता?" त्यानं मलाच विचारलं.

"रामजोशी."

"हां. जयराम शिलेदार." मग बराच वेळ तंबाखूच मळत राहिला. "ते मधल्या आळीतलं पोरगं मला मोबाईल दाखवत होतं दुपारी. म्हणे काका, हा आवाज ओळखू येतो का."

माझ्या पोटात खड्डा पडला. बहिणीनं माझा हात पकडला.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय. म्हणालो, न्हाई येत."

लाईट आली. टीव्ही आपोआप चालू झाला, पण सिनेमा तिथेच अडकलेला, पडद्यावर मधोमध एक गोल फिरत होता आणि त्याच्यामागे हंसा वाडकर, एक पाय उचललेली. मामा वळून बघत राहिला.

"त्या बाईचं पुढं काय झालं?" त्यानं विचारलं.

बयाचं विचारतोय की हंसाबाईंचं, मला कळलं नाही. मी हंसाबाईंचं सांगायला लागले. साळगावकरची वाडकर झाली तिथून सुरुवात केली, आणि मराठवाड्यातल्या त्या खेड्यापर्यंत आले तेव्हा मामानं विचारलं, "कोणतं गाव?" १९७१ मध्ये त्या गेल्या, वय अठ्ठेचाळीस, हेही सांगितलं.

मामानं तंबाखू तशीच परत पुडीत ओतली. मग उठून आत गेला. थोड्या वेळानं आतून पेटीचा भाता उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानं एकच पट्टी धरून ठेवली. काळी चार. तिची पट्टी.

बहीण अजून माझा हात धरून बसली होती.